सॉकेटचे झाकण आणि विजेचा हिशेब



नातू रांगू लागला आणि घरातील खालचे सॉकेट प्रथमच माझ्या नजरेत भरले. बाजारातून प्लास्टिकच्या टोप्यांचे पाकीट आणले. त्यावर 'वीजबचत' असेही छापलेले होते. हा दावा थंड देशांतला. तेथे पोकळ भिंतीतील गार वारा सॉकेटवाटे घरात शिरतो. तो अडविला की घर उबदार ठेवण्याचा खर्च थोडा घटतो. आपल्या विटांच्या भिंतींना तो लागू नाही.

खरी बचत बटणात आहे. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज घेतच राहतो. सतत 10 वॅट धरले तर वर्षाला सुमारे 88 युनिट होतात. पेढीवर पै-पै टिपणाऱ्या आपल्या घरांत ही गळती कोणत्याच वहीत दिसत नाही.

सुरक्षिततेसाठी मला टोपीपेक्षा झडपेचे, आयएसआय चिन्हाचे सॉकेट अधिक पटते. प्लगची वरची लांब पिन आत गेली की खालच्या दोन भोकांवरील झडप उघडते. टोपी घ्यायचीच तर सहज न निघणारी आणि बाळाच्या तोंडात न मावणारी घ्यावी. लहान टोपी घशात अडकू शकते. परंतु दोन पिनांचा चार्जर बसावा म्हणून आपणच वरच्या भोकात पेन खुपसतो आणि बाळ ते पाहत असते. आमच्याकडे ही सवय माझीच. यतनेवरील प्रवचन ऐकून घरी येणाराही मीच!

मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी नसल्यास जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावी. दुकानातील गल्ल्याखालचा पॉइंटही तपासावा. सुटीत मुले तेथेच खेळतात.