झाड लावायचे खरे, पण सातबारा कुणाच्या नावावर?



वनशेती, शाश्वत शेती, कार्बन क्रेडिट या शब्दांची परिसंवादांत सध्या चलती आहे. झाशीला १९८८ पासून वनशेतीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये भारताने राष्ट्रीय वनशेती धोरण मंजूर केले. असे धोरण करणारा हा जगातला पहिला देश. संशोधनाशी आपले भांडण नाही. बांधावरचे झाड मातीची धूप थांबवते, पाला कुजून जमिनीचा कस वाढतो, पाऊस दगा देतो त्या वर्षीही चारा, सरपण, फळ हाताशी राहते.

पण हे सारे कुणाच्या जमिनीवर?

२०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती क्षेत्रात त्यांचा वाटा मात्र ९ टक्क्यांहूनही कमी. ज्वारी चार महिन्यांत पदरात पडते. आंब्याला चार-पाच वर्षे, सागाला दोन-तीन दशके लागतात. ज्याला उद्या हुसकावले जाईल, तो झाड कशाच्या भरवशावर लावेल? बटाईदाराने झाड लावले तर कब्जा दाखवील, ही भीती मालकाला असते. आणि फळबागेच्या अनुदानाला पहिला कागद लागतो सातबारा. म्हणजे ज्यांना झाडाच्या आधाराची सर्वांत जास्त गरज, तेच योजनेच्या दाराबाहेर.

गायरानाचे उदाहरण घ्या. मराठवाड्यात आपल्या माणसांनी दगड वेचून ओसाड माळ वहितीखाली आणले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, लाखो लोक तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरीही आज कित्येक कसणाऱ्यांच्या हाती सातबारा नाही. त्याच माळावर सरकारी रोपे लागली की ते वनीकरण, आणि आपण पेरले की अतिक्रमण!

यावर उत्तर ठरलेले: गायरान गुरांसाठी आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे हटवायला सांगितले आहे. मग निकाल पूर्ण वाचा. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे. आणि चाऱ्याचे म्हणाल, तर पीक, झाड आणि चारा एकाच रानात घेणे यालाच तर वनशेती म्हणतात. तुमचेच शास्त्र आमच्या बाजूने साक्ष देते.

बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले, की दोष केवळ तुकड्याच्या आकारात नाही. भांडवल आणि अवजारांची वानवा हे खरे दुखणे आहे. दादासाहेबांच्या नावाच्या सबलीकरण योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. त्या कोरडवाहू जमिनीसोबत रोपे, कुंपण आणि झाड फळाला येईपर्यंतची मजुरी का देत नाही?

म्हणून मागणी स्पष्ट ठेवा. कसणाऱ्याला गायरानाचा पट्टा, तोही नवरा-बायको दोघांच्या नावे. झाडावर आणि त्याच्या उत्पन्नावर लावणाऱ्याचा हक्क. आणि कृषी विद्यापीठांनी संशोधनाचे प्लॉट भूमिहीनांच्या माळावरही घ्यावेत.

कृषी, वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र शिकणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, प्रबंधाचा विषय निवडताना आपल्या गावचे गायरान आठवा. तलाठ्याकडून त्याचा सातबारा काढा, कोण किती वर्षांपासून कसतो याची नोंद करा. जमिनीच्या मालकीबद्दल गप्प राहणारी हिरवाई म्हणजे जुनीच जातव्यवस्था, फक्त सावलीत बसलेली.