कर्ज ज्याने दिले, पुरावाही त्यानेच द्यावा

न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी फोन येऊ लागले की माणूस हादरतो. त्यावर त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘आधार-पॅन कुणाला दिलं होतंत?’ चोरी झाली ती तुमच्या गाफीलपणामुळे, असे गृहीत धरूनच पुढचे बोलणे होते. हे गृहीतक मला साफ अमान्य आहे.

आधारची झेरॉक्स मागितली जात नाही अशी जागा दाखवा. लॉज, भाडेकरार, शाळाप्रवेश, सोसायटीचे कार्यालय, सगळीकडे ती लागते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने ‘प्रत कुणालाही देऊ नका’ असे पत्रक काढले. गैरसमज होईल असे सांगून दोनच दिवसांत केंद्र सरकारने ते मागे घेतले आणि नेहमीचे तारतम्य बाळगा, असा सल्ला दिला. ज्या झेरॉक्सवाचून दार उघडत नाही, ती देण्यात नागरिकाने तारतम्य ते कुठे दाखवायचे?

‘ओटीपी सांगितला नाही तर काही होत नाही’ हा दुसरा समज. आधारवर चालणाऱ्या बँकसेवेत ओटीपी लागतच नाही, बोटाचा ठसा पुरतो. कर्नाटकात २०२३ साली जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणे उघड झाली. दस्तनोंदणीसाठी अंगठा देणे हा गाफीलपणा कसा ठरतो? तो ठसा सांभाळण्याची जबाबदारी तो घेणाऱ्या कार्यालयाची होती.

मग आपण काहीच करायचे नाही का? करायचे, पण ते दोषी म्हणून नव्हे. आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे; ते फुकट होते आणि गरजेपुरते उघडताही येते. चालेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्यावे. झेरॉक्सवर कारण आणि तारीख आडवी लिहावी. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पतअहवाल फुकट द्यायचा असतो. तो मागवावा, कारण खोटे कर्ज बहुधा तिथेच पहिल्यांदा दिसते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे ‘संचार साथी’वर कळते.

खात्यातून पैसे गेले तर त्याच घटकेला १९३० वर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. चूक ना तुमची ना बँकेची, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर ग्राहकाचे दायित्व शून्य, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले. त्यातले एक कलम मला फार मोलाचे वाटते: ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

खोट्या कर्जालाही हाच न्याय लागला पाहिजे. ‘एक हप्ता भरा, मग बघू’ असे कुणी सुचवले तरी रुपयाही भरू नये. तो भरणा पुढे कर्जाच्या कबुलीसारखा वापरला जाऊ शकतो. कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी नकार कळवावा, पतकंपनीकडे तक्रार नोंदवावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पोलिसांत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमाचा उल्लेख आवर्जून करावा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. संस्थेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आणि पत्रात एक प्रश्न ठामपणे विचारावा: कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली? त्या खात्याचीही केवायसी कुठल्यातरी बँकेने केलेली असते. चोराचा माग त्या दोन संस्थांच्या दप्तरात आहे. ज्याने कर्ज पाहिलेदेखील नाही, त्याच्याकडे पुरावा मागण्याआधी त्यांनी ती दप्तरे उघडावीत.