पोहणाराच बुडतो म्हणे!

दिवाळीच्या अंकात माणसे बुडण्याविषयी लिहू नये, असा संकेत आहे. चकलीच्या घासाबरोबर असला मजकूर कोणाला रुचणार? पण मला दुसरा मुहूर्त सापडत नाही. दिवाळीची सुटी सरली की खानदेशात थंडी उतरू लागते. थंडी उतरली की वांग्याच्या भरिताचे बेत ठरतात, आणि भरीत खायचे ते धरणाच्या काठीच, असा हट्ट सुरू होतो. जळगावकर मेहरूणच्या तलावावर नाहीतर वाघूर धरणावर जातात, धुळेकर नकाण्याला किंवा अक्कलपाड्याला जातात, भुसावळकडची मंडळी हतनूरला. हतनूरच्या पाण्यावर त्या दिवसांत परदेशी पाखरे उतरतात, त्यांना पाहायला दुर्बिणी घेतलेले लोक येतात. हौशी लोक गळ घेऊन येतात. शाळांच्या सहली येतात. आणि या सर्वांच्या आधी, पहाटेच्या काळोखात, आमचे भोई, कोळी, भिल्ल मच्छीमार जाळी उपसायला पाण्यात गेलेले असतात. या सर्वांच्या तोंडी एक वाक्य असते : थंडीत काय भ्यायचे, पाणी निवांत असते!

या वाक्याशी माझे भांडण आहे.

पावसाळ्यात तापी फुगली, हतनूरचे एक्केचाळीस दरवाजे उघडले, की काठावर पोलीस उभे राहतात, दवंडी पिटली जाते, आया पोरांना घरात कोंडतात. तीच तापी थंडीत आरशासारखी पडून राहिली की आपण तिला गोठ्यातली गाय समजतो. तापीचे असू द्या, जरा चार तारखा पाहा. १३ जानेवारी २०१८ : डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांनी भरलेली नाव उलटली, तीन मुली गेल्या. १५ जानेवारी २०१९, मकरसंक्रांत : आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातील भुषा येथे, नर्मदेच्या फुगवट्याच्या पाण्यात पूजेसाठी निघालेली पन्नास-साठ माणसांची नाव उलटली आणि किमान सहा जीव गेले. १८ जानेवारी २०२४ : बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली, बारा मुले आणि दोन शिक्षिका. त्याच महिन्याच्या २३ तारखेला गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत नाव उलटून सहा मजूर बायका गेल्या. चार तारखा, चारही जानेवारीच्या. कोठेही पूर नव्हता, वादळ नव्हते, धरण फुटले नव्हते. पाणी निवांतच होते.

पावसाळ्यातही माणसे बुडतात, नाही कोण म्हणतो? पण पावसाळ्यात बुडणारा निदान पाण्याशी झुंजत असतो. थंडीत बुडणारा सहलीला, पूजेला नाहीतर मजुरीला गेलेला असतो. त्याला आपण धोक्यात आहोत हेच ठाऊक नसते.

आता थंडी काय करते ते सांगतो. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्याला कळले, त्या अर्थी कोणालाही कळेल. पाणी अंगातली ऊब हवेच्या मानाने पंचवीसपट वेगाने ओढून घेते. जळगाव-धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांच्या खाली जातो. धरणाचे पाणी तितके गार होत नाही, हे खरे. आपल्या तळ्यांवर बर्फ साचत नाही. पण शरीरशास्त्र सांगते की पाणी पंचवीस अंशांखाली गेले की माणसाच्या श्वासावर परिणाम होऊ लागतो, आणि पंधराच्या आसपास तो फार तीव्र होतो. उबदार गोधडीतून उठून आलेला माणूस अचानक पाण्यात पडला की त्याच्या नकळत छातीतून एक मोठा श्वास ओढला जातो. पहाटे अंगावर गार तांब्या ओतला की आपण ‘हाऽ’ करतो ना, तोच हा श्वास. न्हाणीघरात तो हसण्याचा विषय आहे. तोंड पाण्याखाली असताना तोच आला तर छातीत हवेऐवजी पाणी जाते. यातून जो वाचला त्याला पुढच्या काही मिनिटांत दुसरे संकट गाठते : हातापायांतले बळ जाते, बोटे वळत नाहीत, दोरी हातात असून धरवत नाही. अंग गारठून मरायला बराच वेळ लागतो. पण गारठून मरण्याच्या पुष्कळ आधी माणूस बुडून मरतो.

आणि यात पोहणाऱ्याला सवलत नाही. ‘पट्टीचा पोहणाराच बुडतो’ असे आपल्याकडे म्हणतात. म्हणतात ते तेराव्याला, सुपारी कातरताना, उसासा टाकून. जणू तो नियतीचा काही गूढ न्याय आहे! गूढ काहीही नाही. ज्याला पोहता येत नाही तो काठावर बसतो. ज्याला येते तो खोल पाण्यात जातो, जाकीट घालत नाही, आणि नाव उलटली की तिला सोडून किनाऱ्याकडे हात मारू लागतो. किनारा दिसतो शंभर हातांवर, असतो पाचशे हातांवर. पाण्यावरची अंतरे डोळ्याला फसवतात. अंगात स्वेटर, मफलर, वर शाल. भिजलेली लोकर माणसाला तळाशी ओढते असा समज आहे, तो चुकीचा. पण ती हात उचलू देत नाही आणि पाण्याबाहेर चढू देत नाही, एवढे खरे. उलटलेली लाकडी नाव सहसा तळाला जात नाही. तिला धरून राहिलेला, श्वास ताळ्यावर येईपर्यंत नुसता तरंगत राहिलेला अडाणी माणूस वाचतो, आणि पट्टीचा पोहणारा जातो.

मच्छीमारांपाशी हा विषय काढला की ते हसतात. धुळ्याकडचा एकजण मला म्हणाला, “आम्हले पव्हता येस, गुरुजी!” त्याच्या पोहण्याविषयी मला शंका नाही. पण त्याचा धंदा पाहा. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झाले की राहू, कटला, मृगळ सुस्तावतात, खाणे कमी करतात, खोल जाऊन बसतात आणि दुपारच्या उन्हाला थोडे वर येतात. म्हणजे थंडीत जाळ्याला मासा कमी लागतो. म्हणून जाळे अधिक दूर, अधिक खोल पाण्यात टाकावे लागते. संध्याकाळी टाकलेले जाळे बाजाराची वेळ गाठायला पहाटे उपसायचे, म्हणजे नेमके दिवसातल्या सर्वात गार घटकेला, धुक्यात, बहुधा एकट्याने. नाव असली तर बरी. पुष्कळांजवळ नावही नसते. टायरची फुगवलेली ट्यूब असते नाहीतर थर्माकोलचा तराफा. ट्यूबवर बसलेल्याचे पाय तासन्‌तास पाण्यात. जाळे ओढायला तो वाकतो, नावेत असला तर उभा राहतो. तोल गेला तर नायलॉनचे तेच जाळे पायात. अशा वेळी पोहता येते की नाही हा प्रश्नच उरत नाही.

त्यातून ‘ऊब यावी म्हणून’ निघताना घेतलेला घोट. दारूने ऊब येते हा फार जुना आणि फार गोड गैरसमज आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतली ऊब बाहेर येते, ती आपल्याला जाणवते, आणि तिथून ती निसटून जाते. घोट घेतलेला माणूस न घेतलेल्यापेक्षा लवकर गारठतो आणि आपण गारठलो हे त्याला उशिरा कळते. भरिताच्या पार्ट्यांत बाटल्या नेणाऱ्या सुशिक्षितांनी हे वाचून घ्यावे. मच्छीमाराला निदान पोटाचे निमित्त आहे, यांना तेही नाही.

अमेरिकेत बास नावाच्या एका माशाचे हौशी लोकांना भारी वेड आहे. कडाक्याच्या थंडीत ते लहान लहान नावा घेऊन तळ्यांवर जातात. तिकडच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कायदा आहे : १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल सोळा फुटांहून लहान नावेत बसणाऱ्याने तरंगते जाकीट अंगात घातलेच पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातही थंडीच्या महिन्यांसाठी असाच नियम आहे. उन्हाळ्यात मोठ्या माणसाला जाकीट नुसते नावेत असले तरी चालते, थंडीत अंगातच हवे. म्हणजे त्यांनी थंडीच्या पाण्याला निवांत न म्हणता अधिक घातकी ठरविले. ते लोक आपल्यापेक्षा भित्रे आहेत काय?

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. अंतर्देशीय जलयानांचा अधिनियम २०२१ साली झाला, इंग्रजांच्या १९१७ सालच्या जुन्या कायद्याच्या जागी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली नौकासुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे छापली. २०२० साली सुरू झालेल्या मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांच्या विम्याची तरतूद करण्यात आली. मेल्यावरचे पाच लाख ठरले, हे चांगलेच झाले. मला विचारायचे आहे ते मरण्यापूर्वीच्या जाकिटाचे. मच्छीमार सहकारी संस्थेला तलावाचा ठेका मिळतो तेव्हा मत्स्यबीज किती सोडायचे, रक्कम कधी भरायची, हे पाहिले जाते. त्याच कागदात आणखी एक ओळ घाला : पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या अंगात जाकीट असेल, नसेल तर त्या दिवशी जाळे नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी ही ओळ मागून घ्यावी. साहेबाने लादण्याची वाट पाहू नये. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर महाशिवरात्रीला यात्रा भरते, सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरते. घोड्यांच्या किमतीची चर्चा महिनाभर चालते. तिथल्या नावांत किती माणसे बसवायची, याची चर्चा मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

पण माझा खरा राग आहे तो माझ्याच पेशावर. सहलीच्या आधी शाळा पालकांकडून एक संमतिपत्र भरून घेतात. त्याची भाषा मला पाठ आहे : ‘सहलीत माझ्या पाल्याचे काही बरेवाईट झाल्यास त्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ आई घाईघाईने सही करते, वर डब्यात चिवडा घालते. या वाक्याचा अर्थ काय होतो? चाळीस पोरे घेऊन जाणाऱ्या मास्तरांनी निघण्याआधीच सांगून ठेवले, की आमच्यावर विसंबू नका! हरणी तलावातल्या नावेत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक मुले कोंबली होती आणि जाकिटे होती ती जेमतेम दहा जणांच्या अंगात, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. ज्या दोन शिक्षिका बुडाल्या त्यांच्याविषयी मी वावगा शब्द लिहिणार नाही. त्या मुलांबरोबर नावेत होत्या. पण काठावरच कोणीतरी बोटे मोजून ‘एवढी मुले या नावेत बसणार नाहीत’ असे म्हणायला हवे होते. म्हणायला धैर्य लागते, कारण पैसे भरलेले असतात, मुले उड्या मारीत असतात, नाववाला ‘काही होत नाही’ म्हणतो आणि मुख्याध्यापक घड्याळ पाहतात.

तेव्हा आयांनो आणि बापांनो, यंदा तो कागद घरी येईल तेव्हा त्याच्या पाठीवर तीन प्रश्न लिहून परत पाठवा. नावेत बसवणार असाल तर नावेची क्षमता किती? मुलांच्या मापाची जाकिटे किती? नावेची तपासणी कोणी केली? मुलांच्या मापाची, हे मुद्दाम लिहा. मोठ्याचे जाकीट सहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावरून निसटून वर जाते आणि पोर खाली. आपण स्वतः जात असाल तर गाडीत वीसेक हात दोरी आणि बूच घट्ट लावलेले पाच लिटरचे दोन रिकामे कॅन ठेवा. कोणी पडलेच तर ते त्याच्याकडे फेकायचे, आपण उडी घ्यायची नाही. ही काही जाकिटाची बरोबरी नव्हे, पण एकापाठोपाठ दुसरा जाण्यापेक्षा बरे.

आमच्या भागातल्या एका शाळेत एका आईने हे प्रश्न खरोखरच विचारले. गुरुजी मंडळींनी आधी तिची टिंगल केली, मग फोन करून जाकिटांची चौकशी केली. नाववाल्याकडे सहा निघाली, त्यांतल्या दोघांचे बंद तुटलेले. नौकाविहार रद्द झाला. मुलांनी काठावर बसून भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, पाखरे पाहिली, आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये त्या बाईच्या मुलाशी कोणी बोलले नाही.