दिवे लागले, बॅटरीचे काय?

गोंदिया ओलांडले की मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. 1867 साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तो बनविण्यात आला. त्याच्या दक्षिण भागात मराठी आजही परकी नाही. बैहरकडील डोंगरांत मात्र बैगा व गोंडांचे टोले रानात विखुरलेले आहेत. तेथवर विजेच्या तारा नेणे जिकिरीचे. अशाच दुर्गम घरांसाठी केंद्र सरकारच्या 2017 मधील ‘सौभाग्य’ योजनेत वेगळी तरतूद होती: 200 ते 300 वॅटचा सौर संच, बॅटरी, पाच दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल.

हेतूविषयी आमची तक्रार नाही. पाच वर्षांचा आकडा मात्र आम्हांस खटकतो. सौर पॅनेल पंचवीस वर्षे चालते. शिसे-आम्लाची बॅटरी उत्तम निगा राखली तरी पाच-सात वर्षांत थकते, आणि हेळसांड झाली तर दोन वर्षांतच मान टाकते. म्हणजे ती बदलण्याची वेळ यावी आणि नेमकी तेव्हाच देखभालीची मुदत सरावी, असा हा हिशेब! योजना 2022 च्या मार्चअखेर बंद झाली. 2018 मध्ये बसविलेल्या संचांची मुदतही केव्हाच उलटली.

बॅटरी अकाली का मरते, हे काही गूढ नव्हे. श्रावणात दिवसेंदिवस ऊन नसते. बॅटरी अर्धीच भरते आणि रात्री पार रिकामी होते. अशा अर्धपोटी बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर धरतो. मग कितीही ऊन पडले तरी ती भरत नाही. व्होल्टेज घसरताच दिवे तोडणारा चार्ज कंट्रोलर हा वास्तविक तिचा राखणदार. पण घरच्यांना वाटते की यंत्रच बिघडले, आणि ते तारा थेट बॅटरीला जोडून मोकळे होतात. त्यांना कोणी समजावून सांगितलेच नसेल, तर दोष त्यांना कसा द्यावा? उन्हाळ्याची तऱ्हा निराळी. उष्णता दहा अंशांनी वाढली की बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, आणि ती ठेवलेली असते तापल्या पत्र्याखाली. त्यात डिस्टिल्ड वॉटर संपले की विहिरीचे क्षारयुक्त पाणी ओतले जाते. ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ वादळांनंतर इन्व्हर्टर घेतलेल्या आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना यातले बरेचसे अनुभवाने ठाऊक असेल. फरक इतकाच, की आपल्याला ती बाटली नाक्यावर मिळते.

लिथियमच्या बॅटरीला पाणी लागत नाही व ती अधिक टिकते, हे खरे. पण तीही केव्हातरी संपणारच. आमच्या मते चार-पाच टोल्यांमागे तेथीलच एक तरुण वा तरुणी शिकवून तयार करावी, तिच्या हाती हायड्रोमीटर आणि पाण्याचा कॅन द्यावा आणि या कामाचे मानधन द्यावे. जुनी बॅटरी उकिरड्यावर जाता कामा नये. शिसे विषारी आहे आणि मोलाचेही. मोडीची ती किंमत नव्या बॅटरीच्या खात्यात जमा व्हावी.

2023 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात बैगांसारख्या आदिम जमातींच्या घरांसाठी पुन्हा सौर संचांची तरतूद आहे. त्यातील पहिली बॅटरी संपेल तेव्हा दुसरीचे पैसे कोणाच्या खात्यातून येणार, हा प्रश्न बालाघाटच्या लोकप्रतिनिधींनी संच भिंतीवर चढण्यापूर्वीच विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.