मुक्काम पोस्ट पिंजरा

पिंजरा आपण विकत आणतो, पण तो असतो तिचा. बेंगळुरूतल्या आमच्या जयनगरच्या फ्लॅटमधली चिंगी पीच-फेस्ड लव्हबर्ड आहे, म्हणजे नैर्ऋत्य आफ्रिकेतला वीतभर पोपट. (आपला कंठीवाला पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आजोळचा मिठू आठवून उगाच हळवं होऊ नये.) खांद्यावर बसून कानातल्याशी खेळते तेव्हा ती लाघवी. माझा हात दाण्याची वाटी बदलायला पिंजऱ्यात गेला की चावा ठरलेला. नुसता टोचा नव्हे. कातडी धरून पिळते. शेजारच्या आंटी लांबूनच म्हणतात, ‘निम्म गिळिगे तुंबा सिट्टु.’ तुमच्या पोपटाला राग फार!

मला तो राग वाटत नाही. लव्हबर्डमध्ये घरटं बांधणारी मादी, आणि जागेसाठी जास्त भांडणारीही तीच. नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे आम्हाला पहिला संशय आला तो तिच्या उद्योगांवरून. पेपरची कड कुरतडून ती सरळ, एकसारख्या पट्ट्या काढते आणि शेपटीच्या वरच्या पिसांत खोचून निघते. आंटींचा कन्नड पेपर ‘प्रजावाणी’ विशेष आवडीचा. विल्यम डिल्गर या अमेरिकी संशोधकाने 1960च्या सुमारास चिंगीच्या जातीचा फिशर्स लव्हबर्डशी संकर केला. फिशर्स पट्ट्या चोचीत धरून नेतात. संकरित पाखरं बिचारी खोचायला जायची आणि खोचलेलं टिकायचंच नाही. पुढे ती चोचीतून न्यायला शिकली, तरी मान मागे वळवायची सवय पुरती सुटली नाही. आणि जागा राखण्याचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातल्या केप यॉर्कची एक्लेक्टस पोपटाची लाल मादी? ती अकरा-अकरा महिने ढोली राखत बसते. खाऊ आणायला हिरवे नर आहेतच.

वसंतात दिवस मोठा झाला की माद्या बिथरतात, असं पुस्तकांत असतं. बेंगळुरूत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक जेमतेम दीड तासाचा. आमच्याकडे वसंत आणला तो हॉलमधल्या ट्यूबलाइटने. नवऱ्याचे अमेरिकेशी कॉल मध्यरात्रीपर्यंत चालायचे, दिवा जळत राहायचा, आणि सोफ्याखालची अंधारी फट म्हणजे तिला आयती ढोली. तिथे अंडी निघाली. नर नसतानाही घालतात. त्यांतून पिल्लू निघत नाही. पण लगेच उचलली तर मादी आणखी घालत जाते आणि अंगातलं कॅल्शियम ओसरतं, म्हणून डॉक्टरांनी ती काही दिवस तशीच ठेवायला लावली. रिकाम्या अंड्यांवरचा तिचा पहारा बघवत नव्हता, पण जवळ जायची सोयही नव्हती.

आता संध्याकाळी सातला पिंजरा मागच्या खोलीत, वर जाड चादर. फटीला पुठ्ठा. पाठीवरून हात फिरवणं बंद, कारण त्यात तिला जोडीदाराचा लाड दिसतो. चावे कमी झालेत. वाटी मात्र ती हॉलमध्ये पेपर फाडत असतानाच बदलायची, तीही तिची नजर चुकवून.