आवाज वाढतो, शक्ती नव्हे

बडोद्यातील लहरीपुरा दरवाजातून मांडवीकडे जाणारा रस्ता असो वा गोव्यातील अरुंद गल्ली, बदललेल्या सायलेन्सरचा उपद्रव सारखाच. टर्बो इंजिनात धूर बाहेर पडण्यातील अडथळा घटला, की टर्बो लवकर गती घेतो, हे खरे. परंतु इंजिनाच्या संगणकीय नियंत्रणात सुधारणा न केल्यास लाभ सहसा अल्पच. मोकळ्या एअर फिल्टरने बहुधा आवाजच वाढतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढल्यास विषारी वायू थेट वस्तीत पसरतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार बेकायदा फेरफारासाठी मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणूनच खरेदीपूर्वी अश्वशक्तीच्या आकड्याआधी त्या भागाची कायदेशीर मान्यता तपासणे हिताचे.