वसतिगृहातील मुलींची बखर कोण लिहिणार?

स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना महाराष्ट्र संस्थापकांची नावे आदराने घेतो. परंतु त्या संस्थांत राहिलेल्या मुलींनी काय लिहून ठेवले, हे क्वचितच पाहतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची. हिंगण्याच्या आश्रमासाठी निधी जमविणाऱ्या पार्वतीबाई अमेरिकेपर्यंत गेल्या आणि तेथे घरकाम करून राहिल्या. अशा पुस्तकांचे खरे मोल संस्था आतून दाखविण्यात आहे. अहवालात देणगीचा आकडा असतो. ताटात काय पडले, हे आत राहणारीच सांगू शकते.

आज ही साक्ष कोठे आहे? चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत आणि शेजारच्या आंबेगाव-जुन्नर भागांत महादेव कोळी, ठाकर, कातकरी मुली आश्रमशाळांत वाढतात. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात मराठवाडा-विदर्भातून आलेल्या मुली वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहून कारखान्यांच्या पाळ्या सांभाळतात. त्यांतील जी शिकाऊ उमेदवार म्हणून लागते, ती १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ‘कामगार’ नव्हे, प्रशिक्षणार्थी ठरते. हात यंत्रावर, पण नाव कामगारांच्या पटावर नाही! जिची कायद्याला कामगार म्हणून ओळख नाही, तिची कहाणीही लिहिली गेली नाही, तर तिचे श्रम कोणाच्या स्मरणात राहणार?

पाळी करून दमलेल्या मुलीने लिहावे कधी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच उत्तर एकट्या तिच्यावर सोपविता येणार नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे पुण्यातील फुले यांच्या शाळेची विद्यार्थिनी होती. तिच्या लेखणीमागे शाळा उभी होती आणि निबंध छापणारे नियतकालिकही होते.

आज ती जबाबदारी कामगार संघटनांनी, नगरवाचनालयांनी आणि पुरोगामी नियतकालिकांनी उचलली पाहिजे. शिकाऊ मुलींना सभासद करून घेण्याची वाट संघटनांनी शोधावीच. त्याबरोबर त्यांच्या हाती वहीही द्यावी, आणि लिहिणारीच्या नोकरीवर गदा येणार नाही, याची हमीही द्यावी. संस्थेचा इतिहास केवळ तिच्या चालकांनी लिहिला, तर त्यात उपकार तेवढे उरतात; अधिकारांची नोंद करावयाची, तर लेखणी आत राहणाऱ्या मुलींच्याच हाती हवी.